शारदेचे कोवळे कंठ

‘संगीत शारदा’ पहिल्यांदा रंगभूमीवर आले ते पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, आपल्या इंदुरात. जानेवारी १८९९, शिवाजीराव होळकरांची कारकीर्द, आणि नाटक करणारी किर्लोस्कर नाटक मंडळी. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. बृहन्महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी घरांत तर ते नाटक म्हणून कमी आणि घरची आठवण म्हणून जास्त जपले गेले. या नाटकाच्या रचनेविषयी आणि सुधारक विचाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज बोलायचे आहे ते त्यात शारदा होणाऱ्या मुलांविषयी, आणि त्यांच्यापुढे बसलेल्या आपल्या पणजोबा-पणजींविषयी.

कथा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून दोनच वाक्यांत सांगतो. पंचाहत्तरीच्या घरातल्या श्रीमंत भुजंगनाथाला पुन्हा बोहल्यावर चढायचे आहे आणि कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी त्याला द्यायला निघाला आहे. कोदंड नावाचा तरुण वधूवर सगोत्र असल्याचे उघड करून ते लग्न मोडतो, अब्रू गेली म्हणून नदीवर जीव द्यायला निघालेल्या शारदेला वाचवतो, आणि शेवटी शंकराचार्यांच्या संमतीने तिचे त्याच्याशी लग्न लागते. तोवरच्या संगीत नाटकांत दुष्यंत, अर्जुन, कृष्ण वावरत. इथे मात्र प्रेक्षकाच्या आळीतला भटजी आणि शेजारच्या वाड्यातला थेरडा नवरदेव समोर उभा राहिला. संमतिवयाचा कायदा होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती, आणि त्या कायद्याने ठरवलेले वय होते १२.

मधेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हा गैरसमज आपल्या मंडळींत फार पसरला आहे. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणत, ते या नाटकावरून नव्हे. तो कायदा अजमेरच्या हरविलास सारडा यांनी आणला आणि सारडांचे नाव आपल्या कानांनी शारदा करून घेतले. कानांना तसे करावेसे वाटले, यातच नाटकाचा पगडा दिसतो. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ सालीच आपल्या राज्यापुरता असा कायदा केला होता.

आता शारदा कोण करीत असे? स्त्रिया या मंडळ्यांत नव्हत्या. स्त्रीभूमिका ‘स्त्रीपार्टी’ नट करीत आणि त्यांतले बरेचसे मिसरूड न फुटलेले मुलगे असत. सुभद्रा किंवा शकुंतला करताना नटाचे वय थोडे पुढे सरकले तरी फारसे बिघडत नसे. त्या तरुण, रसिक नायिका आहेत. शारदेचे तसे नाही. तिच्या जागी तिशीचा भारदस्त नट उभा केला तर भुजंगनाथ हास्यास्पद ठरतो, पण भयंकर ठरत नाही. म्हाताऱ्याशेजारी खरोखरीचे लहान अंग उभे राहिले, बारीक मनगट आणि न फुटलेला कंठ, की वादच संपतो. देवल स्वतः उत्तम तालीममास्तर होते, त्यांना हे कळत असणारच. माझ्या मते ‘शारदा’चा अर्धा युक्तिवाद नटाच्या वयात आहे.

हे सर्वांत ठळकपणे दिसले ते केशवराव भोसले या मुलाच्या शारदेत. केशवराव १८९० साली कोल्हापुरात जन्मले. वडील लवकर गेले, घरी दारिद्र्य, आणि मूल अगदी लहान असतानाच, चौथ्या वर्षाच्या आसपास, स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. दहा-बारा वर्षांच्या वयात त्यांनी शारदा केली आणि त्या एका भूमिकेने त्यांचे नाव मराठी मुलखात गाजले. भुजंगनाथाशी आपले लग्न ठरले आहे हे कळल्यावर शारदा जे भेदरलेले पद म्हणते, ते या मुलाच्या तोंडून ऐकण्यासाठी लोक येत.

लोक रडत. स्त्रियांची बसण्याची सोय वेगळी असे. तिथे बसलेल्या कितीजणी स्वतः दहाव्या-बाराव्या वर्षी बोहल्यावर चढल्या असतील याचा अंदाज आपल्याच घराच्या वंशावळीवरून करता येईल. त्यांचे रडणे नाटकी नव्हते. आणि इथेच एक गोष्ट आहे जिच्याकडे आपण सहसा पाहत नाही. पैशापायी बापाने दिलेल्या मुलीसाठी हे सभागृह रडत होते, आणि ती मुलगी होऊन गात होता परिस्थितीपायी मंडळीकडे सोपवलेला एक मुलगा. त्याच्या आईला मी दोष देत नाही. कंपनीत दोन वेळा जेवण होते, गाण्याची तालीम होती, आणि त्या काळच्या गरीब घराला दुसरा रस्ता फारसा नव्हता. पण शारदेचा सौदा दिसणाऱ्या डोळ्यांना हा दुसरा व्यवहार दिसत नव्हता, हेही खरे.

याचा पुरावा म्हणजे ‘वन्स मोअर’. पद संपले, टाळी पडली, पिटातून आरोळी उठली की नटाने भूमिका तिथेच थांबवून तेच पद पुन्हा म्हणायचे. एकदा, दोनदा, कधी आणखी. रात्री सुरू झालेला खेळ उत्तररात्रीपर्यंत चाले, तो काही केवळ अंक पाच म्हणून नव्हे. शारदा घाबरून गाते आहे, आणि आपण तिला म्हणतो आहोत, पुन्हा घाबर. आज हे विचित्र वाटते. त्या वेळी तो सर्वांत मोठा मान होता, मुलालाही तसाच वाटे, आणि मंडळीचा मालक तर त्या आरोळ्यांवरच त्याची किंमत ठरवी.

ध्वनिक्षेपक नव्हते, हे विसरू नका. कापडी मांडवात किंवा पत्र्याच्या नाटकगृहात हजारभर माणसे, साथीला सारंगी-तबला आणि पुढे ऑर्गन. अशा ठिकाणी मागच्या रांगेपर्यंत पोचतो तो चढा, बारीक, धारदार आवाज. मुलग्यांचे आवाज लोकप्रिय होण्यामागे रसिकतेइतकेच हे साधे कारणही होते. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाचा कंठ फुटू लागतो. गाणे शिकवणारा कुठलाही जाणता बुवा त्या दिवसांत गळ्याला विश्रांती द्यायला सांगेल. मंडळीचे मुक्काम ठरलेले, तिकिटे विकलेली, आणि गावातल्या लोकांना तोच मुलगा, तेच पद, त्याच पट्टीत हवे. काहींचे गळे यातूनही टिकले, आणखी तयार झाले; त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांचे टिकले नाहीत त्यांतला कोणी पडदे ओढू लागला, कोणी पेटीवर बसला, कोणी गावी परतला. कोल्हापूरचा शांताराम वणकुद्रे १९१४च्या सुमारास गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाला आणि वर्षभरात बाहेर पडला. तो पुढे व्ही. शांताराम झाला म्हणून त्याचे कंपनीतले ते वर्ष इतिहासात राहिले. बाकीच्यांचे राहिले नाही.

मंडळी गावात आली की महिना-महिना मुक्काम पडे. मिरज, बेळगाव, हुबळी, तिकडे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद. दूरच्या संस्थानांत राहणाऱ्या मराठी घरांना हा मुक्काम माहेरपणासारखा वाटे. गाणाऱ्या मुलाला जेवायला बोलावायचे, कौतुकाने पाटावर बसवायचे, शेला द्यायचा, पदक करून द्यायचे. आणि त्याच घरात कोणी ‘नाटकवाल्याला मुलगी द्याल का?’ असे विचारले तर चूल थंड व्हायची. जुन्या घरांना या दोन गोष्टींत विसंगती कधी वाटली नाही. आपणही त्याच घरांतले आहोत, तेव्हा फार हसण्यात अर्थ नाही.

ही आवड ‘शारदा’पेक्षा जुनी. वडोदऱ्याच्या वाचकांना भाऊराव कोल्हटकरांचे नाव सांगायला नको. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभे केले. पुढे मंडळी बडोद्याला गेली तेव्हा तिथला हा एकोणीस वर्षांचा देखणा, गोड गळ्याचा तरुण त्यांना सापडला. बडोद्यात तो ‘भावड्या’ होता, आणि कीर्ती झाल्यावरही रसिकांनी त्याला भावड्याच म्हटले. म्हणजे प्रेक्षकाने नटाला वयाने वाढूच दिले नाही. १८८२च्या ‘सौभद्रा’तला सुभद्रेचा मान त्याच्याकडे गेला. भाऊराव १९०१ साली गेले, अडतिसाव्या वर्षी.

नावांचेच पाहा ना. ‘बाल’गंधर्व, ‘छोटा’ गंधर्व, ‘मास्टर’ अमुक, ‘मास्टर’ तमुक. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली सतराव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत आले आणि भाऊरावांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या जागी उभे राहिले. ‘बाल’ हे अक्षर त्यांना सत्तरी ओलांडल्यावरही चिकटून राहिले. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे. बालमोहन नाटक मंडळीत लहानपणी आले, मोठे गवई झाले, आणि छोटेच राहिले. मराठी प्रेक्षकाने आपल्या आवडत्या गळ्याला नेहमी पहिल्यांदा ऐकले त्याच वयात ठेवून घेतले आहे. बालगंधर्व उतारवयात तरुण नायिका करीत तेव्हा समोर बसलेल्यांना त्यांचे वय दिसत नव्हते असे नाही. ते डोळ्यांनी आजचा नट पाहत आणि कानांनी तीस वर्षांपूर्वीचा. यात प्रेम होते. आणि एका माणसाला निवृत्त होऊ न देण्याचा हट्टही होता.

केशवरावांनी मात्र लवकर सुटका करून घेतली. १९०८च्या पहिल्या दिवशी हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली; वय होते सतरा. इतरांच्या कंपनीत शारदा होऊन गाणाऱ्या मुलाने सतराव्या वर्षी मालक व्हावे, याकडे मी केवळ कर्तबगारी म्हणून पाहत नाही. ‘वन्स मोअर’ला आता हो म्हणायचे की नाही, हे ठरवणारा तो स्वतः झाला. पुढे ते पुरुषभूमिकांकडेही वळले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होते. लोकांनी दोघांना अक्षरशः डोक्यावर घेतले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, केशवराव विषमज्वराने गेले. एकतीस वर्षांचे आयुष्य, त्यांतली सुमारे सत्तावीस रंगभूमीवर.

स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या तशी मुलग्यांची ही गरज संपत गेली. हिराबाई बडोदेकरांनी संगीत नाटकांत भूमिका केल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये गोव्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. बोलपटाने उरलेले काम केले. तरी मुलाच्या गळ्याचे वेड एकदम ओसरले नाही, आणि त्याची एक गोष्ट पुन्हा इंदुराशी येऊन भिडते.

गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर १९१४च्या सुमारास, तेरा-चौदा वर्षांचे असताना, किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे १९१८ साली बळवंत संगीत मंडळीचे एक चालक झाले. त्यांची थोरली मुलगी इंदुरात जन्मली, २८ सप्टेंबर १९२९ रोजी. बालविवाहाचा तो कायदा मंजूर झाला नेमका त्याच दिवशी. लताबाईंनी पुढे मुलाखतींत सांगितलेली आठवण अशी : ‘सौभद्रा’च्या एका प्रयोगाला नारदाची भूमिका करणारा नट आलाच नाही. वडील अर्जुन करणार होते, ते काळजीत पडले. नऊ वर्षांच्या या मुलीने सांगितले, नारद मी करते, पदे मला येतात. वडिलांना ते विचित्र वाटले. एवढासा नारद आणि पुढे उंचापुरा अर्जुन. पण दुसरा इलाज नव्हता. रंगमंचावर जाण्यापूर्वी तिने वडिलांना बजावले, पाहा, मी ‘वन्स मोअर’ घेणार.

आणि तिने तो घेतला. ‘सौभद्र’ तेव्हा पन्नाशी ओलांडलेले नाटक होते; समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्यातले नारद, सुभद्रा, अर्जुन पाच-दहा वेळा पाहिले असतील. त्यांनी त्या पोरीला पुन्हा गायला लावले. कंपनीत वाढलेल्या मुलीला हे कोणी शिकवावे लागले नाही. टाळी कुठे पडते आणि आरोळी कशाला उठते हे तिने पडद्यामागून ऐकलेले होते. १९४२च्या एप्रिलात दीनानाथ गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्याच वर्षापासून घरच्या पाच माणसांसाठी ती सिनेमात काम करू लागली.