तेराव्या दुरुस्तीचे भाष्य

अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेरावी दुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरात अमलात आली. तिचे पहिले कलम एका वाक्याचे आहे. ते आपण फ्रेडरिक डग्लस यांच्या पद्धतीने वाचू. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले, १८३८ मध्ये निसटले आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढले. त्यांचे एके काळचे सहकारी विल्यम लॉइड गॅरिसन मूळ घटनेला गुलाममालकांचा करार मानत. १८५४ मध्ये त्यांनी तिची प्रत भर सभेत जाळली. डग्लस यांनी १८५१ मध्येच वेगळी वाट धरली होती. त्यांचा नियम असा: कर्त्यांच्या मनात काय होते ते विचारू नये, कागदावर काय आहे ते वाचावे, आणि दोन अर्थ निघत असतील तर स्वातंत्र्याच्या बाजूचा घ्यावा. हा नियम हाताशी ठेव.

‘गुलामगिरी किंवा सक्तीची चाकरी...’

गुलामगिरी म्हणजे माणूस हीच मालमत्ता. १७८७ च्या मूळ घटनेत हा शब्द कुठेही नाही. तिथे ‘इतर व्यक्ती’ अशी आडवळणाची भाषा आहे. डग्लस यांनी त्या मौनावरच आपला युक्तिवाद उभा केला होता. याचा अर्थ, हा शब्द घटनेत प्रथम आला तो गुलामगिरी संपवण्यासाठीच.

‘किंवा’ने व्याप्ती वाढते. सक्तीची चाकरी म्हणजे मालकी नसतानाही सोडता न येणारे काम. अलाबामातील अलोन्झो बेली या शेतमजुराने महिना १२ डॉलरवर वर्षभराचा करार केला, १५ डॉलर उचल घेतली आणि साधारण महिन्याभराने काम सोडले. राज्याचा कायदा म्हणे, उचल न फेडता काम सोडले यावरूनच फसवणुकीचा हेतू प्रथमदर्शनी सिद्ध. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा याच दुरुस्तीच्या आधारे रद्द केला. मुकादमाची उचल ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

‘...रीतसर दोषी ठरलेल्याला गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून...’

इथे थांबायला हवे. हे शब्द नवे नाहीत. वायव्य प्रदेशासाठीच्या १७८७ च्या वटहुकुमातून ते जवळपास जसेच्या तसे उचलले. सिनेटर चार्ल्स समनर यांना कायद्यापुढील समानतेची भाषा हवी होती, पण ती टिकली नाही. सवयीची शब्दरचना किती महागात पडते ते आता पाहा.

१८६५ संपण्याआधीच मिसिसिपीने भटकेगिरीचा कायदा केला. ज्या मुक्त कृष्णवर्णीयाकडे जानेवारीत काम नसेल तो भटक्या, म्हणजे गुन्हेगार. पाच दिवसांत दंड भरला नाही तर शेरीफ त्याला भाड्याने देई; सर्वात कमी मुदतीच्या चाकरीवर जो दंड भरेल तो त्याला घेऊन जाई. बहुतेकदा कुठे? पुन्हा कापसाच्या शेतात. पुढे कैदीच खाणींना, रेल्वेच्या कंत्राटदारांना भाड्याने दिले जाऊ लागले. अलाबामात हा व्यवहार १९२८ पर्यंत चालला.

पूर्वपक्ष असा: दोषी ठरलेल्याला दुरुस्तीचे संरक्षण उरतच नाही. १८७१ मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायालयाने कैदी हा राज्याचा गुलाम, असे स्पष्टच म्हटले.

उत्तर डग्लस यांच्या नियमाने द्यावे. अपवाद जितका लिहिला तितकाच घ्यावा. ‘शिक्षा म्हणून’ याचा अर्थ, सक्तमजुरी ही स्वतःच शिक्षा असली पाहिजे. न्यायाधीशाने नुसती कैद सुनावली असेल तर काम तुरुंगाधिकाऱ्याच्या हुकमाने आले, शिक्षेने नव्हे. ‘रीतसर दोषी’ म्हणजे ज्याचा खटला नीट चालला तोच; कच्चा कैदी यात येत नाही. माझ्या मते हा अर्थ शब्दांशी अधिक इमानी आहे. न्यायालयांनी मात्र तो सहसा मानलेला नाही. म्हणूनच लुईझियानातील अँगोला तुरुंगात, जिथे पूर्वी गुलामांकडून मळे पिकवून घेत, कैदी आजही तासाला काही सेंटांवर शेतात राबतात.

शब्दांचा अर्थ लावून भागेना, तेव्हा काही राज्यांनी आपापल्या घटनेतून हा अपवादच काढला: २०१८ मध्ये कोलोरॅडोने, २०२० मध्ये नेब्रास्का आणि युटाने. २०२४ मध्ये नेव्हाडाच्या मतदारांनी होकार दिला, त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नकार. संघराज्याच्या घटनेत तो अजून जागच्या जागी आहे.

‘...अमेरिकेत, वा तिच्या अधिकाराखालील कोणत्याही ठिकाणी, असणार नाही.’

कर्ता कोण ते पाहा. ‘राज्याने करू नये’ असे म्हटलेले नाही; ‘असणार नाही’ म्हटले आहे. म्हणजे सरकार, मळेवाला, घरमालक सगळेच बांधले गेले. १९६८ मध्ये कृष्णवर्णीयाला घर विकायला नकार देणाऱ्या खासगी विक्रेत्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचली ती यामुळे.

कलम दुसरे: ‘योग्य कायद्याने हे अमलात आणण्याचा अधिकार काँग्रेसला राहील.’

शंका: गुलामगिरी ‘असणार नाही’ म्हटल्यावर अमलाचा अधिकार कशाला? समाधान: नुसत्या वाक्याने ती जात नाही, हे मसुद्यानेच कबूल केले आहे. मे १८६५ मध्ये गॅरिसन म्हणाले, काम झाले, आपली गुलामगिरीविरोधी संघटना मोडूया. डग्लस यांनी विरोध केला. काळ्या माणसाच्या हाती मत नाही तोवर गुलामगिरी संपली असे ते मानायला तयार नव्हते, आणि ती नाव बदलून परतेल हा इशाराही त्यांनी दिला. संघटना १८७० पर्यंत चालली, म्हणजे मताधिकाराची पंधरावी दुरुस्ती होईपर्यंत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील या चळवळीच्या लोकांना अर्पण केली, तेव्हा ही भांडणे ताजी होती.

आता आपल्या घटनेचे कलम २३ उघड. वेठबिगारीला तिथेही मनाई आहे, आणि कर्ता तिथेही नेमलेला नाही. १९८२ मध्ये दिल्लीतील एशियाड बांधकामाच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच मानली. किमान वेतनाहून कमी मजुरीवरचे काम वेठबिगारीत घातले. पण पोटकलम २ मध्ये अपवाद आहे: ‘सार्वजनिक प्रयोजनासाठी’ राज्याला सक्तीची सेवा लादता येते. त्या दोन शब्दांवर याच पद्धतीने पूर्वपक्ष लिहून आण. उत्तर आपण मिळून लावू.