पंक्चर काढायचे की टायर बदलायचा : पुणे–नाशिक रस्त्यावरच्या एका धंद्याचा इतिहास

पंक्चर काढण्याचा धंदा हवेच्या टायरइतकाच जुना आहे. टायर दुरुस्त करायचा की बदलायचा हा प्रश्नही तेव्हापासूनचाच. त्याचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले. पुणे–नाशिक महामार्गावर, आंबेगाव तालुक्यात, मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान वसलेले कळंब हा बदल समजून घेण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. घोड नदीच्या खोऱ्यातली बागायती, कारखान्याकडे जाणारा ऊस, मंचर आणि नारायणगावच्या बाजारांत पोचणारा भाजीपाला आणि पुण्याहून नाशिककडे अखंड चालणारी रहदारी यांमुळे सायकल, बैलगाडी, ट्रक आणि मोटारसायकल अशा चारही प्रकारच्या चाकांचा या रस्त्याशी संबंध आला. टायर-दुरुस्तीची कला एका चाकाकडून दुसऱ्याकडे कशी गेली, ते इथे एकाच पट्ट्यात दिसते.

चाकाला रबर बसवण्याआधी ते टिकाऊ करणे आवश्यक होते. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. चार्ल्स गुडइयर याने 1839 मध्ये रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची रीत शोधली आणि 1844 मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. पुढे पंक्चरवाल्याच्या ‘गरम पॅच’मागे हीच रीत आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने 1845 मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण ती कल्पना तेव्हा व्यवहारात रुजली नाही. 1888 मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने सायकलसाठी हवेचा टायर पुन्हा नव्याने तयार केला आणि सायकलींच्या शर्यतींमुळे तो झपाट्याने पसरला.

या पहिल्या टायरांत एक मोठी अडचण होती. टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाल्यास तो सोलून काढायचा, आतली नळी दुरुस्त करायची, पुन्हा चिकटवायचा आणि सरस वाळेपर्यंत थांबायचे. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात 1889 मध्ये एक सायकलस्वार असाच टायर घेऊन आला. दुरुस्तीला लागलेला वेळ पाहून त्यांनी सहज निघणारा टायर बनवायला घेतला आणि 1891 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही शर्यत शार्ल तेराँ याने मिशलँचे टायर लावून जिंकली. बाहेरचा टायर आणि आतली ट्यूब वेगळ्या झाल्या, तेव्हा रस्त्याकडेच्या दुरुस्तीचा पाया घातला गेला. आता कारखान्याची गरज उरली नाही. टायर उचकटायला दोन लोखंडी पट्ट्या, पाण्याचे घमेले, सोल्युशनची ट्यूब, रबराचे तुकडे आणि हातपंप एवढ्या भांडवलावर झाडाखाली दुकान मांडता येऊ लागले.

भारतात ही कला सायकलीबरोबर आली. डनलॉप कंपनीने 1898 मध्ये मुंबईत कार्यालय उघडले आणि 1936 मध्ये बंगालमधील शहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले, तशी तासाच्या हिशेबाने सायकल भाड्याने देणारी दुकाने जिल्ह्यातल्या बाजाराच्या गावांतही दिसू लागली. भाड्याच्या सायकलीची देखभाल मालकालाच करावी लागे. म्हणून हे दुकानच पंक्चरचेही दुकान असे. तिथे हाताखाली काम केलेली मुले पुढे स्कूटर आणि मोटारसायकलच्या कामाकडे वळली.

कामाची पद्धत अजून फारशी बदललेली नाही. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची आणि बुडबुडे येतील तिथे खूण करायची. त्या जागेचा गुळगुळीत थर कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासायचा, सोल्युशन लावायचे, ते अर्धवट सुकू द्यायचे आणि मग पॅच दाबून बसवायचा. हे थंड पंक्चर. गरम पंक्चरमध्ये कच्च्या रबराचा तुकडा छिद्रावर ठेवून तो लोखंडी साच्यात आवळतात आणि स्पिरिट पेटवून किंवा विजेच्या हीटरवर तापवतात. उष्णतेने तुकडा ट्यूबशी एकजीव होतो. थंड पॅच लवकर होतो, पण घाईत बसवल्यास कडेने सुटतो. गरम पॅच जास्त टिकतो. फक्त उष्णता अधिक झाली तर आजूबाजूचे रबर जळून कडक होते. पंक्चर काढण्याइतकेच महत्त्वाचे काम शेवटी येते. टायरच्या आतून हात फिरवून काटा किंवा खिळा काढून टाकला नाही, तर तीच ट्यूब त्याच दिवशी पुन्हा फुटते.

या भागात पंक्चर होण्याची कारणेही स्थानिक होती. बांधावरच्या बाभळीचे काटे जाड टायरातून आरपार जात. पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या बैलांच्या खुरांना नाल ठोकलेले असत. त्यांचे खिळे निखळून रस्त्यावर पडत. भाजी आणि फळे लाकडी खोक्यांतून जात तोवर खोक्यांचे खिळे आणि पत्र्याच्या पट्ट्याही बाजाराच्या वाटेवर सापडत. खोक्यांच्या जागी प्लॅस्टिकचे क्रेट आले आणि नाल मारलेल्या बैलांची संख्या घटली, तशी ही कारणे कमी झाली. बांधकामाचे स्क्रू आणि तारांचे तुकडे यांनी त्यांची जागा घेतली.

टायर बदलण्याचा विचार दीर्घकाळ शेवटचा मानला गेला, त्याला टंचाई कारणीभूत होती. दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये जपानने मलाया घेतला आणि जगाच्या रबरपुरवठ्याचा मोठा भाग दोस्तराष्ट्रांच्या हातून गेला. भारतातही टायरच्या विक्रीवर नियंत्रण आले. स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले. मुंबईत शिवडीला फायरस्टोन आधीपासून होती, 1958 मध्ये स्थापन झालेल्या सिएटने भांडुपला उत्पादन सुरू केले आणि 1961 मध्ये एमआरएफ टायर बनवू लागली. तरीही परवाना पद्धतीच्या काळात मागणीच्या मानाने पुरवठा तोकडाच राहिला. साहजिकच ट्यूबवर पॅचवर पॅच चढत, झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून तो रिमोल्ड केला जाई, आणि टायर चिरला असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, लावून तो आणखी काही महिने चालवला जाई.

वाहनातून उतरलेला टायरही वाया जात नसे. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात लाकडी चाकाची बैलगाडी मागे पडली आणि रबरी चाकांची ‘डनलॉप गाडी’ ऊस ओढू लागली. ट्रकचे आणि जीपचे जुने टायर तिथे पुन्हा कामाला लागत. बैलाच्या चालीला झिजलेला टायरही पुरत असे. त्याहून खराब झालेल्या टायरच्या चपला आणि घमेली बनत. टायरच्या आयुष्याला अशा अनेक पायऱ्या असल्यामुळे ‘बदलणे’ म्हणजे फेकून देणे नव्हते. तो एका वाहनावरून उतरून खालच्या पायरीवर जात असे.

ग्रामीण भागात दुचाकी वाहने आली तेव्हा दुरुस्तीचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या स्कूटरला जादा चाक असे. तिची दोन्ही चाके सारखीच असल्याने स्टेपनी कुठेही बसे आणि पंक्चरचे काम सवडीने करता येई. मोटारसायकल आणि मोपेडला ही सोय कधीच नव्हती. राजदूत, येझदी, 1972 मध्ये बाजारात आलेली लुना, 1985 पासूनची हिरो होंडा सीडी 100 या सर्वांचे चाक पंक्चर झाले की गाडी ढकलत दुकान गाठावे लागे. मागचे चाक काढणे अधिक किचकट होते. चेन, ब्रेकचा दांडा आणि एक्सल सोडवून चाक काढायचे, काम झाले की सगळे पुन्हा जुळवायचे. म्हणून पुढच्या चाकापेक्षा मागच्या चाकाच्या कामाला जास्त मजुरी पडे.

महामार्गावर ट्रकची रहदारी वाढली तसे या धंद्याचे स्वरूपही बदलले. हातपंपाच्या जागी कंप्रेसर आला आणि रात्रभर उघडी राहणारी दुकाने ढाब्यांच्या आणि पेट्रोल पंपांच्या शेजारी उभी राहिली. महाराष्ट्रातल्या महामार्गांवर यांतली अनेक दुकाने केरळमधून आलेल्या कारागिरांनी थाटली; पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कामगारही या धंद्यात आले. उभा पुरून ठेवलेला किंवा खांबाला टांगलेला जुना टायर हीच त्यांची पाटी.

ट्यूबच्या टायरच्या काळात निर्णयाचे ठोकताळे सोपे होते. बारीक छिद्र असेल तर पॅच. चीर लांब असेल, व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटली असेल किंवा पॅचच्या शेजारी पॅच बसवायला जागाच नसेल तर नवी ट्यूब. हवा गेलेल्या चाकावर गाडी पुढे दामटली की टायर रिमवर घसरतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह उपटून निघतो. अशी ट्यूब दुरुस्तीपलीकडे जाते. बाहेरच्या टायरचा विचार नक्षी पूर्ण झिजून तो गुळगुळीत झाल्यावर किंवा आतले धागे दिसू लागल्यावरच होई. थोडक्यात, बहुतेक वेळा हा निर्णय ट्यूबपुरता आणि थोड्या पैशांचा होता.

ट्यूबलेस टायरने हे गणित पालटले. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर असा टायर मोटारींसाठी आणला आणि 1950 च्या दशकात तो तिथे सर्रास वापरात आला. मोटारसायकलवर तो यायला वेळ लागला, कारण तारांच्या चाकात प्रत्येक आरीच्या छिद्रातून हवा निसटते. अखंड ओतीव मिश्रधातूची चाके रूढ झाल्यावरच ती अडचण सुटली. भारतात 2007 च्या सुमारास बजाजच्या पल्सर 200 आणि 220 या गाड्यांनी मोटारसायकलवरचा ट्यूबलेस टायर सामान्य ग्राहकापर्यंत आणला. पल्सरचे उत्पादन करणारा कारखाना कळंबच्या दक्षिणेला, याच पुणे–नाशिक मार्गावरच्या चाकणजवळ आहे.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी रबर त्याला घट्ट धरून ठेवते आणि हवा हळूहळू जाते. स्वाराला गाडी सावरून थांबायला वेळ मिळतो. वस्तीपासून दूर, उसाच्या आणि बिबट्यांच्या या पट्ट्यात रात्री गाडी ढकलण्याची वेळ टळते, हा फायदा इथल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. दुरुस्तीही सोपी झाली. चाक न काढता खिळा उपसायचा, कानशीसारख्या हत्याराने छिद्र साफ करायचे, टी-आकाराच्या सुईत चिकट दोरी ओवून ती आत घालायची आणि बाहेर उरलेली टोके कापायची. काही मिनिटांत काम होते.

या सोपेपणामुळेच खबरदारी वाढवावी लागली. इथे हवा धरून ठेवणारी वेगळी ट्यूब नसते. दुरुस्ती थेट टायरच्या अंगाला होते. दोरी बाहेरून छिद्र बुजवते, पण आतला धागा तुटला आहे का, हे टायर काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीच्या आकाराचा ‘मशरूम’ पॅच बसवणे ही अधिक भरवशाची दुरुस्ती मानली जाते. छिद्र नक्षीच्या मधल्या पट्ट्यात आणि साधारण 6 मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाचे असेल तरच टायर दुरुस्तीयोग्य समजतात. टायरची बाजू सतत वाकते. तिथे लावलेला पॅच टिकत नाही. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा नक्षीच्या कडेवर भार येतो, त्यामुळे मोटारीपेक्षा तिच्या टायरबाबत हा नियम कडक पाळावा लागतो. हवा नसताना बराच वेळ चाललेला टायर, बाजूला फुगवटा आलेला टायर, भेगा पडलेला जुना टायर आणि झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत घासलेला टायर यांचे पंक्चर काढण्यात अर्थ नसतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार अंकांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. वय ठरवायला ते पुरेसे आहेत.

कायद्यानेही या बाबतीत मर्यादा घातली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 94 टायरच्या स्थितीविषयी आहे; धागे उघडे पडलेला टायर रस्त्यावर वापरणे त्यात निषिद्ध ठरते. केंद्र सरकारच्या 2009 च्या गुणवत्ता आदेशाने वाहनांच्या टायर-ट्यूबना भारतीय मानकांची खूण बंधनकारक केली. दुचाकी आणि तीनचाकींच्या टायरसाठीचे मानक आयएस 15627 हे आहे.

मंचर, नारायणगाव यांसारख्या गावांना बाह्यवळणे झाल्यावर लांब पल्ल्याची वाहने गावाबाहेरून जाऊ लागली आणि ट्रकवर चालणारे काम त्यांच्यामागे सरकले. गावातल्या दुकानांकडे मुख्यतः दुचाकी उरल्या. तिथे आजही दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. तारांच्या चाकाच्या स्वस्त गाड्यांसाठी घमेले आणि पॅच, नव्या गाड्यांसाठी सुई आणि दोरी. ट्यूबच्या काळात पंक्चरवाल्याचे कसब छिद्र बुजवण्यात होते. ट्यूबलेसच्या काळात कोणते छिद्र बुजवू नये हे सांगण्यात त्याचे खरे कसब आहे, आणि नक्षीच्या कडेला किंवा बाजूला लागलेल्या खिळ्यासाठी दोरी मागणाऱ्या गिऱ्हाइकाने त्याचा नकार ऐकणे हिताचे आहे.