तुळशीची माय



झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातला, तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका. कागदावर 'जामणी', लोकांच्या तोंडी 'जामनी'. मराठीच्या शेजारी कोलामी, गोंडी, तेलुगू तिथे सुखाने नांदतात.

फार वर्षांपूर्वी त्या भागात कीर्तन झाले. शेवटी एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "महाराज, मले तुयशीची माय घालून द्या." मी भर मंडपात म्हणालो, "बाई, माय नव्हे, माळ म्हणा." हशा पिकला. बाई माळ न घेताच निघून गेली.

मला तेव्हा ती बोली अशुद्ध वाटे. पुढे वाचत गेलो तेव्हा डोळे उघडले. 'ळ' मूर्धन्य, जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते. वऱ्हाडीत ती वळत नाही आणि तालव्य 'य' उमटतो. डोळा–डोया, शाळा–शाया, तुळस–तुयस. मात्र 'काल'मधला 'ल' जागचा हलत नाही. जो बदल असा नेमाने होतो, त्याला चूक कशी म्हणावी?

आणि आपली 'शुद्ध' मराठी तरी कुठून आली? संस्कृतात माला, तुलसी, फल. दोन स्वरांमधला एकेरी 'ल' बदलला आणि माळ, तुळस, फळ झाले. 'कल्य'पासून प्राकृतात 'कल्ल' झाले. तिथला जोड 'ल' टिकला, म्हणून आपण 'काल' म्हणतो. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील 1920 च्या ग्रंथात असे नियम मांडले. 'पानीय'चे आपण 'पाणी' केले. गावकऱ्यांचे 'पानी' तर मुळातल्या 'न'शीच जुळते. म्हणजे मालाची माळ आपण केली, माळेची माय त्या बाईने. पायरी एकच पुढची.

नामदेवराय पंजाबात गेले. 1604 साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांची पदे आली. तिथे आपला विठ्ठल 'बीठल' झाला आहे. शीख बांधव आजही त्याच उच्चाराने ती पदे भक्तीने गातात. तिथे कोणी नामदेवांना हसले नाही. मी मात्र एका अक्षरासाठी एका जीवाला माळेपासून दूर लोटले.

क्षमा मागायला ती बाई आता कुठे भेटणार? म्हणून, माउली, तुमच्यापाशी कबुली देतो. दिंडीत कोणी 'माय' मागितली, तर उच्चार तपासू नका. आधी गळ्यात घाला आणि पायांवर डोके ठेवा.