बंब, सिगडी आणि कॉइलचा हीटर : आपल्या घरांतल्या उबेची गोष्ट

पुण्या-मुंबईचे नातेवाईक जानेवारीत ग्वाल्हेरला आले की पहिल्याच रात्री विचारतात, "एवढ्या थंडीत तुम्ही घर गरम कसं ठेवता हो?" खरं उत्तर असं की, आपण घर कधी गरम केलंच नाही. आपण माणूस गरम करत आलो.

याचं कारण घरांच्या बांधणीत आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या छावणीचंच पुढे लष्कर शहर झालं. तिथले मराठी वाडे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेले. मधे चौक, उंच छत, जाड दगडी भिंती. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हेच घर जीव वाचवतं. पण जानेवारीत पारा ४-५ अंशांवर उतरतो आणि उघड्या चौकाचं घर तापवायचं म्हणजे आभाळ तापवण्यासारखंच! मग दुपारी गच्चीवर उन्हात बसायचं, रात्री नव्याने पिंजून भरलेली रजई घ्यायची, पलंगापाशी सिगडी ठेवायची. पहाटे न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटायचा. त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, जे असेल ते.

सिगडीत लाकडी कोळसा. फुलला की धूर नसतो, म्हणून तो बिनधोक वाटतो, आणि खरा धोका तिथेच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. "दार किलकिलं ठेवा रे," असं आमची आजी रोज रात्री बजावायची. तिला त्या वायूचं नाव माहीत नव्हतं, पण बंद खोलीत निखारे ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत हे माहीत होतं. तशी वाड्याची जुनी दारंही कुठे घट्ट बसत होती! त्या फटींनी कित्येक पिढ्या वाचवल्या.

वीज आपल्याकडे तशी लवकर आली. होळकरांच्या इंदुरात १९०६ साली वीजपुरवठा सुरू झाला. पण घरात ती आली मुख्यतः दिव्यासाठी. उबेसाठी वीज वापरायची तर हिशेब आडवा यायचा. १००० वॅटचा कॉइलचा हीटर तासाला एक युनिट खातो. दिव्याच्या ५ अँपिअरच्या पॉइंटवर तेवढाच काय तो चालायचा, दुसरा लावला की फ्यूज उडालाच. म्हणून हीटर लागायचा तो घरात बाळंतीण असली, कुणी आजारी असलं किंवा मुलांची परीक्षा असली तर. बाकीच्यांनी रजईत शिरावं.

बडोद्याची गोष्ट निराळी. जवळच खंभात-अंकलेश्वरचा नैसर्गिक वायू सापडला आणि १९७२ पासून तिथल्या महापालिकेने तो नळाने घरोघरी द्यायला सुरुवात केली. आम्ही सिलिंडरचा नंबर लावून बसायचो आणि बडोद्याची मावशी नुसती कळ फिरवायची! इंदूर-ग्वाल्हेरकडे नळाच्या गॅसचं काम करणारी अवंतिका गॅस कंपनी स्थापन झाली ती थेट २००६ मध्ये. पण एक लक्षात घ्या. आपल्याकडे नळाचा गॅस येतो तो चुलीपर्यंत, फार तर गीझरपर्यंत. विलायतेत गॅसवर पाणी तापवून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतात, तशी सोय आपल्या घरांत झालीच नाही. म्हणजे नळ आला काय, न आला काय, खोलीच्या उबेसाठी उरते ती वीजच.

आज हा प्रश्न पुन्हा उभा आहे, कारण बऱ्याच घरांत आता दोनच वयस्क माणसं आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. चौक गेले, फ्लॅट आले, खिडक्या घट्ट लागतात. अशा बंद खोलीत सिगडी नकोच नको. २००० वॅटचा तेलाचा हीटर सलग आठ तास चालला तर १६ युनिट होतात. थर्मोस्टॅट असेल तर तो अधूनमधून बंद होतो, खर्च कमी येतो. गरम हवाही देणारा इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांची ऊब देतो. घ्यायला महाग, चालवायला स्वस्त. मात्र कोणतंही यंत्र आणण्याआधी जुनं वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या, आणि १६ अँपिअरचा पॉइंट स्वतंत्र ओढा. एक्स्टेंशनच्या वायरवर हीटर लावू नका.

आणि सगळं घर तापवायच्या फंदात पडू नका. एक खोली निवडा, आईवडिलांची. जुनी माणसं हेच करत होती, फक्त निखाऱ्यांवर.

तुमच्या घरी बंब कधी निघाला आणि त्याच्या जागी काय आलं? आठवत असेल तर जरूर लिहा. आणि या थंडीत घरी फोन कराल तेव्हा रात्री खोलीत काय पेटवता, एवढं नक्की विचारा.