जुन्या ठाण्याचे मोहल्ले : काल आणि आज

इतिहास म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु आपण ज्या गल्लीत राहतो तिलाही इतिहास असतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते. ठाण्याचा जुना भाग, म्हणजे स्टेशनापासून मासुंदा तलाव, टेंभी नाका व राबोडीपर्यंतचा आणि पूर्वेस कोपरीचा परिसर, आज नव्याने बांधला जात आहे. अशा वेळी येथे कोण, केव्हा व कशासाठी आले, हे पालक व विद्यार्थी या दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

ठाणे हे मूळचे खाडीवरचे बंदर. शिलाहार राजांच्या काळी ‘श्रीस्थानक’ या नावाने ते उत्तर कोकणची राजधानी होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या प्रवाशाने येथील व्यापाराचे, विशेषतः कातडी व सुती कापडाचे, वर्णन करून ठेवले आहे. १५३४ च्या तहाने साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले आणि १७७४ मध्ये ते इंग्रजांच्या हाती पडले. राज्ये बदलली, झेंडे बदलले. परंतु बंदर आणि बाजार यांच्या ओढीने माणसे येतच राहिली. या येण्यातूनच जुन्या ठाण्याचे मोहल्ले घडले.

सर्वांत जुने रहिवासी म्हणजे खाडीकाठचे कोळी. चेंदणी कोळीवाडा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. बाजारापलीकडे महागिरी लागते. ‘महागिरी’ हे जुन्या काळी एका जातीच्या गलबताचे नाव होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वस्तीचे खाडीशी असलेले नाते आपोआप कळते. राबोडीतही कोळीवाडा आणि मुसलमान मोहल्ला एकमेकांच्या शेजारी आहेत.

मासुंदा तलावाच्या परिसरात तर एका शालेय सहलीत पाहून होतील इतक्या जवळजवळ निरनिराळ्या धर्मांची स्थाने आहेत. तलावाकाठी कोपिनेश्वराचे मंदिर आहे. त्याचा जीर्णोद्धार १७६० च्या सुमारास मराठ्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केला. तलावापासून जवळच पोर्तुगीज काळात स्थापन झालेले सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च आहे. टेंभी नाक्याच्या बाजूस पारशी बांधवांची अग्यारी १७८० च्या सुमाराची, तर बेने इस्राएल समाजाचे ‘शआर हाशमाइम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे प्रार्थनामंदिर १८७९ चे. बाजारपेठेच्या भागात जामा मशीद आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कोळी, कोकणी मुसलमान, बेने इस्राएल आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांच्या घरात मराठीचेच कोणते ना कोणते रूप बोलले जात आले. प्रार्थनेच्या भाषा निरनिराळ्या, पण मासळी विकत घेताना, होडीचे भाडे ठरवताना आणि शेजाऱ्याची विचारपूस करताना भाषा एकच. ही एकी कुणी हुकूम काढून निर्माण केलेली नव्हती. ती रोजच्या गरजेतून आली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटरची पहिली आगगाडी धावली आणि शहराचे तोंड खाडीकडून स्टेशनाकडे वळले. त्यानंतर शाळा, वृत्तपत्रे व ग्रंथालये आली. १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र येथे निघाले. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. येथील बी. जे. हायस्कूलला बैरामजी जीजीभाई या पारशी दानशूराचे नाव आहे. तेथे शिकून गेलेली मुले मात्र सर्व समाजांची होती. संख्येने लहान असलेला समाजही शिक्षणाच्या मार्गाने साऱ्या शहराला केवढे देऊ शकतो, याचा हा धडा आपण घ्यावयास हवा.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि सिंधी निर्वासितांनी कोपरीत नवे संसार मांडले. १९६० नंतर वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहिले व कामगार आले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली, तेव्हा मुंब्रा-कौसाही तिच्या हद्दीत आले. मात्र वस्ती वाढली त्या मानाने चांगली घरे वाढली नाहीत. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्यानजीक एक बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. जुने ते सारे जसेच्या तसे राहू द्या, असे म्हणणाऱ्याने ही तारीख विसरू नये.

सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे व कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. पुढे समूह विकास योजनेच्या पहिल्या टप्प्यात किसननगर, कोपरी, राबोडी, हाजुरी या वस्त्यांची नावे आली. कोळीवाडे व गावठाणे या योजनेत घालू नयेत, अशी मागणी तेथील रहिवाशांनी केली. या मागणीमागचे कारण उघड आहे. घर पक्के हवे, नळाला पाणी हवे, जिना मजबूत हवा, याविषयी कोणाचेच दुमत नाही. प्रश्न एवढाच की, इमारत उभी राहिल्यावर तीत राहावयास तीच माणसे असतील काय? होडी, जाळे, हातगाडी, शिवणयंत्र यांवर पोट भरणाऱ्याला सुखरूप घराबरोबर धंद्याची जागाही लागते. ती गेली तर मोहल्ल्याचे नाव पाटीवर राहील, मोहल्ला राहणार नाही.

म्हणून पालकांना विनंती अशी की, भाडेपावत्या, शिधापत्रिका, वीजबिले, मुलांचे शाळेचे दाखले नीट जपून ठेवावेत. घराचा हक्क सांगताना आठवणींपेक्षा कागद अधिक कामी येतो. सूचना आणि नकाशे प्रसिद्ध होतात तेव्हा ते वाचावेत. घरात शिकलेली मुलगी वा मुलगा असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्यावेत आणि मुदतीच्या आत आपली हरकत लेखी नोंदवावी.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही एक काम आहे. या सुटीत एक वही घ्या. आपले आजोबा वा पणजोबा या शहरात कोठून आले, कोणत्या साली आले, पहिले काम कोणते केले, पहिला शेजारी कोण होता, हे आजीला, नानीला विचारून लिहून काढा. मग शेजारच्या कोळीवाड्यातील किंवा चाळीतील वर्गमित्राकडूनही तेच लिहून घ्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे तुमच्या ध्यानात येईल की, या शहरात कोणी आधी आले, कोणी मागाहून. परंतु बहुतेक सारे आले ते कष्ट करून पोट भरण्यासाठीच. नव्या ठाण्याचा नकाशा काढणाऱ्यांत उद्या तुमच्यापैकीही काही जण असतील, अशी आशा आहे. त्या वेळी या वह्या त्यांना उपयोगी पडतील.