लिंगोचा समुद्र आणि कचारगडची गुहा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली कीं नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूचीं कित्येक कुटुंबें हल्लीं अंदमानची वाट धरतात. त्यांतील अनेकांनीं तोंवर समुद्र डोळ्यांनीं पाहिलेलाही नसतो. श्रीविजयपुरम्, म्हणजे २०२४ सालापर्यंतचें पोर्ट ब्लेअर, तेथें उतरावयाचें. तेथून बोटीनें स्वराज द्वीपास, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटास जावयाचें. पाण्याखालीं बुडी मारून पोवळीं आणि रंगीत मासे पाहावयाचे, आणि घरीं परतल्यावर महिनाभर तेंच सांगत राहावयाचें. यांत गैर असें कांहींच नाहीं. ज्याच्या मुलखांत समुद्र नाहीं त्यालाच समुद्राची ओढ अधिक असावयाची. परंतु याच झाडीमुलखांतून समुद्रावर एकट्यानें गेलेल्या एका पहिल्या प्रवाशाची कथा गोंड लोकांच्या गाण्यांत आहे, हें या सुटीवर जाणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें. त्या प्रवाशाचें नांव पारी कुपार लिंगो. आणि ज्यांच्यासाठीं तो गेला त्यांची गुहा म्हणून आज जी दाखविली जाते ती गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांत, कचारगड येथें आहे.

मुंबईहून हावड्यास जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया मागें टाकल्यावर आमगांव, सालेकसा आणि दरेकसा हीं स्टेशनें लागतात. दरेकशाजवळ गाडी डोंगरांत शिरते. हा मार्ग प्रथम नागपूर-छत्तीसगड रेल्वे या नांवानें मीटर गेजचा बांधला गेला आणि १८८२ च्या सुमारास राजनांदगांवपर्यंत पोंचला. पुढें बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेऊन रुंद केला. या खिंडीनें महाराष्ट्राचें आणि छत्तीसगडचें रेल्वेचें दळणवळण चालतें. हाजरा धबधबाही येथेंच आहे. कचारगडास जावयाचें तर धनेगांव गांठावें लागतें, आणि तेथून साग, बांबू, मोह, तेंदू यांच्या जंगलांतून डोंगर चढावा लागतो. वर गेल्यावर कड्याच्या पोटांत गुहेचें प्रचंड तोंड दिसतें. आंत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावें लागतें, आणि मग वरच्या भगदाडांतून येणारा उजेड दिसूं लागतो.

ही आशिया खंडांतील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा आहे, असें पुष्कळदां छापून येतें. तें खरें नाहीं. ब्रह्मदेशाच्याही पलीकडे, बोर्नियो बेटावर मुलू येथें ज्या गुहा आहेत त्यांतील एकीचें छत शंभर मीटरांहून उंच आहे, आणि १९८१ सालीं तेथेंच एक दालन सांपडलें तें जगांतील अतिविशाल दालनांपैकीं एक समजलें जातें. व्हिएतनाममधील सोन डूंग ही गुहा तर त्यांहूनही मोठी. कचारगडचें महत्त्व लांबीरुंदीवर मुळींच अवलंबून नाहीं. म्हणून तिच्यासाठीं खोटी मापें सांगण्याची गरजही नाहीं.

तिचें महत्त्व लिंगोच्या गाण्यांत आहे. हें गाणें परधान लोक गात आले. परधान हे गोंडांचे भाट. किंगरी वाजवून यजमानांच्या कुळाची आणि देवांची कथा सांगणें हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. लिहिलेला ग्रंथ नाहीं, मठ नाहीं, पोथी नाहीं. जें कांहीं राहिलें तें या लोकांच्या गळ्यांत राहिलें. १८४५ सालीं नागपुरास आलेले स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं परधानांच्या तोंडून हें गाणें उतरून घेतलें. धर्मप्रचारासाठीं आलेला हा मनुष्य दगड, जीवाश्म, भाषा आणि माणसें या सर्वांविषयीं सारख्याच कुतूहलानें विचारपूस करीत असे. त्यांच्या नांवाचें कॉलेज नागपुरांत १८८३ पासून आहे. पण गोंडांवर त्यांचे जे उपकार आहेत ते या गाण्यामुळें.

गाण्यांतील कथा अशी. गोंड जन्मास आले आणि डोंगरांवर पसरले, पण त्यांच्या राहणीचा महादेवाला वीट आला. त्यानें एक खार निर्माण करून त्यांच्यापुढें सोडली. शिकारीच्या नादानें सारे तिच्यामागें धावले आणि गुहेंत शिरले; महादेवानें तोंडाशीं सोळा हात लांब शिळा लावली व भस्मासुराला पहाऱ्यास बसविलें. आंत सोळा कोड्या गोंड, म्हणजे तीनशें वीस जीव, अडकून पडले. बाहेर फक्त चौघे उरले. पार्वतीला मात्र आपल्या गोंडांवांचून चैन पडेना. पुढें लिंगो जन्मास आला. त्यानें त्या चौघा भावांना शेती शिकविली, राक्षसाच्या घरून विस्तव आणून दिला, भोपळ्याचें वाद्य वाजवून त्या म्हाताऱ्या राक्षसाला नाचविलें. त्याच भावांनीं बायकांच्या खोट्या सांगण्यावरून त्याला ठार मारलें, आणि देवानें अमृत शिंपून त्याला उठविलें. उठल्यावर तो त्या भावांकडे परत गेला नाहीं. कोंडलेले गोंड कोठें आहेत, हें त्यानें चंद्राला विचारलें, सूर्याला विचारलें, ताऱ्यांना विचारलें; अखेर एका वृद्ध तपस्व्याकडून पत्ता मिळाला. मग त्यानें तप आरंभिलें. महादेवाचें आसन डळमळलें. वर माग, असें म्हणतांच लिंगोनें गोंड मागितले. राज्य माग, धन माग, पण गोंडांचें नांव काढूं नको, असें महादेव म्हणतो. लिंगो ऐकत नाहीं.

तेव्हां त्याला टाळण्यासाठीं महादेव एक अट घालतो: समुद्रकांठीं राहणाऱ्या काळ्या पक्ष्याचीं पिलें आणून दे.

हा भाग थांबून ऐकण्यासारखा आहे. ज्या मुलखांत हें गाणें गायिलें गेलें तेथून जवळांत जवळचा समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी सुमारें ५०० किलोमीटर दूर; वाटेंत जंगल, डोंगर आणि नद्या. गाणाऱ्यानें समुद्र पाहिला असेल याचा संभव थोडा, ऐकणाऱ्यानें पाहिला असेल याचा त्याहून थोडा. म्हणूनच अशक्य काम सांगावयाचें तेव्हां गाणें समुद्राकडे बोट दाखवितें. लिंगो निघतो. बरोबर सोबती नाहीं, शिधा नाहीं. किनाऱ्यावर पोंचल्यावर त्याला पिलें दिसतात, पण त्यांचे आईबाप चाऱ्यासाठीं दूर गेलेले असतात. पिलें तेव्हांच उचलून चालतां आलीं असतीं. लिंगो तसें करीत नाहीं. आईबाप नसतांना नेलीं तर ती चोरी होईल, असें म्हणून तो वाट पाहत बसतो. इतक्यांत समुद्रांतून एक अजस्र नाग वर येतो. या नागानें त्या पक्ष्यांची वीण पूर्वीं सात वेळां खाल्लेली असते. लिंगो बाण मारून त्याचे सात तुकडे करतो आणि थकून तेथेंच पांघरूण घेऊन निजतो. परत आलेल्या पक्ष्यांना प्रथम वाटतें कीं हाच पिलांचा वैरी. मेलेला नाग दिसल्यावर त्यांना खरें कळतें, आणि तीं दोघें लिंगोला व पिलांना पंखांवर घेऊन महादेवाकडे उडत येतात. पक्षीण वाटेंत त्याच्यावर पंखांची सावली धरते. महादेवाचा नाइलाज होतो, शिळा दूर होते आणि गोंड मोकळे होतात.

नागाशीं झालेली झुंज सगळ्याच देशांच्या कथांत सांपडते. पिलांच्या आईबापांची वाट पाहणारा वीर मात्र विरळा. राजेरजवाड्यांच्या कीर्तीचीं काव्यें रचणाऱ्यांना जें नेहमीं साधलें नाहीं, तें या किंगरीवाल्यांना साधलें आहे.

सुटका झाल्यावरही संकट संपत नाहीं. मोकळे झालेले गोंड भुकेलेले असतात. नदीकांठीं अन्न शिजवीत असतां पूर येतो. बहुतेक जण पलीकडे जातात, चौघे मागें राहतात. मगर आणि कांसव त्यांना पाठीवर घेण्यास तयार होतात. मगर मधल्या धारेंत दगा देऊं पाहते, कांसव त्यांना तारतें, आणि कांसवाला कधीं मारणार नाहीं अशी शपथ ते घेतात. कांसवाला न मारण्याचा कुळाचार कांहीं गोंड घराण्यांत असतो तो या शपथेशीं जुळणारा आहे.

हें गाणें उतरून घेणाऱ्याचाच अंत पुराच्या पाण्यांत झाला. १८६३ च्या ४ सप्टेंबरला हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेले होते. मध्यप्रांताचे अधिकारी रिचर्ड टेम्पल यांचा तळ जवळच बोरी येथें होता. संध्याकाळीं तळाकडे परततांना पावसानें चढलेल्या ओढ्यांत हिस्लॉप बुडाले. तळावर आला तो स्वाराविना घोडा. त्यांचे कागद अपुरे आणि विस्कळित राहिले होते. टेम्पल यांनीं ते लावून १८६६ सालीं नागपुरास छापून काढले. तसें झालें नसतें तर लिंगोचें हें पाठांतर त्या ओढ्याबरोबरच गेलें असतें. पुढें कॅप्टन फोर्सिथ यांनीं १८७१ च्या आपल्या पुस्तकांत अमेरिकन कवि लाँगफेलो यांच्या हायावाथा काव्याच्या चालीवर त्याचें इंग्रजी रूपांतर केलें. तें वाचावयास गोड आहे, पण परधानाचा ठसका त्यांत नाहीं.

आतां कचारगडचा प्रश्न. हिस्लॉप यांच्या पाठांत कैदेची गुहा धवलगिरीवर आहे. ज्या ठिकाणाचें नांव कचारगडाशीं जुळतें तें काचीकोपा लोहागड हें तेथें वेगळें स्थळ आहे: बाहेर उरलेले ते चौघे भाऊ तेथें आश्रयास गेले. गोंडींत 'कच्ची' म्हणजे लोखंड. त्या शब्दाचा आणि कचारगडाचा संबंध सहज लक्षांत येतो. कचारगडास जी परंपरा आज सांगितली जाते तींत गुहा हीच, कोंडलेलीं मुलें तेहतीस, त्यांची माता काली कंकाली, त्यांचा सांभाळ करणारी जंगो रायताड. आणि शिळा हलविण्यासाठीं लिंगोला साह्य करणारा हिरासुका पाटालीर हा किंगरीवादक. त्याच्या वादनानें मुलांच्या अंगीं बळ आलें, शिळा घरंगळली, आणि तिच्याखालीं तो स्वतः चिरडला गेला. या पाठांत समुद्राच्या जागीं हें बलिदान आलें आहे.

दोन पाठांतील एक खरा आणि दुसरा खोटा, असा निवाडा करणें उचित नाहीं. मुखोद्गत गाणें ज्या ज्या खोऱ्यांत जातें तेथील डोंगराचें नांव घेतें. आदिलाबादच्या गोंडांत जंगूबाईची गुहा वेगळी आहे आणि तेथेंही पौषांत यात्रा भरते. परंतु हिस्लॉपच्या पुस्तकाच्या आधारें कचारगड हेंच कारागृह होय, असें जर कोणी म्हणेल, तर तो आधार त्याला मिळणार नाहीं. कचारगडची खरी साक्ष तेथें येणाऱ्या माणसांची आहे.

तीं माणसें येऊं लागल्यास फार काळ लोटलेला नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत नागपूरचे मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंह ताराम आदि मोजकीच मंडळी ही जागा गोंडी परंपरेंतील स्थान म्हणून शोधीत येथें आली. तेव्हां गोंदिया हा जिल्हाही नव्हता. तो भंडाऱ्यांतून १९९९ सालच्या १ मे रोजीं निराळा झाला. रस्ता नाहीं, दिवा नाहीं, आणि दरेकशाच्या रानांत पुढें नक्षलवाद्यांचा वावर वाढल्यामुळें बाहेरचा मनुष्य तिकडे सहसा फिरकत नसे. कंगाली हे रिझर्व्ह बँकेंत नोकरी करीत आणि उरलेला वेळ गोंडी भाषा व धर्म यांच्या अभ्यासांत घालवीत. सिंधु संस्कृतीची लिपि गोंडीच्या साह्यानें वाचल्याचा त्यांचा दावा विद्वानांनीं मान्य केलेला नाहीं. परंतु कचारगडच्या वाटेवर त्यांनीं टाकलेलें पाऊल फुकट गेलें नाहीं. मूठभर लोकांनीं आरंभिलेली ही यात्रा वाढत गेली. आज माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा येथून लाखों गोंड सप्तरंगी झेंडे घेऊन 'जय सेवा' म्हणत हा डोंगर चढतात. कंगाली २०१५ सालीं वारले, ताराम २०१८ सालीं.

माघ सरला कीं गुहा पुन्हां शांत होते. मग येतात ते बहुतेक तरुण. हाजरा धबधबा पाहावयाचा, गुहा चढावयाची, सायंकाळच्या गाडीनें परत. त्यांनीं येऊं नये असें कोणीही म्हणणार नाहीं, कारण प्रथम साहस करणाऱ्यासाठीं हा डोंगर अंदमानच्या बुडीइतकाच चांगला आहे. फक्त आंत शिरतांना हें कोणाचें तरी जन्मस्थान आहे, याची दखल पायांना असावी.

यात्रेकरूंच्या मुलांपुढें अडचण दुसरी आहे. २०११ च्या शिरगणतींत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक भरले, पण घटनेच्या आठव्या परिशिष्टांत गोंडी नाहीं. सालेकशाचा मुलगा मराठींत शिकतो, डोंगरापलीकडचा हिंदींत, आदिलाबादचा तेलुगूंत. कंगालींनीं लिंगोवरचा आपला ग्रंथ हिंदींत लिहिला, तारामांचें मासिक 'गोंडवाना दर्शन' हिंदींत निघे. हिस्लॉपच्या इंग्रजी पुस्तकांत मात्र भाषांतराबरोबर गाण्याचे मूळ गोंडी शब्दही रोमन अक्षरांत छापलेले आहेत.