एकवीस मीटर तार

पोस्ट जरा लांब आहे, पण पावसाळ्याआधी लिहायलाच हवी.

परवा आमच्या तालुक्याचा आपत्ती आराखडा चाळला. संपर्काच्या पानावर नुसते मोबाइल नंबर. टॉवरच बंद पडला तर? १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात हॅम रेडिओवाल्यांनीही निरोप पोचवले होते, हे आपण विसरलो. आमच्या गावातला परवानाधारक हॅम मित्र म्हणाला, "एक तार आणि एक लिंबाचं झाड पुरे." झाड आहे. पण तार कुठली? त्यावर दोन तास बसलो.

गोष्ट सुरू होते जर्मनीच्या झेपेलिन हवाई जहाजांपासून. पोटात हायड्रोजन, त्यामुळे ठिणगी पडली की संपलं. अर्ध्या तरंगाएवढ्या तारेच्या टोकाला व्होल्टेज मात्र प्रचंड. १९०९ मध्ये हान्स बेगेरोव यांनी तोडगा पेटंट केला: तार खाली लोंबती सोडायची आणि पाव तरंग लांबीच्या दोन समांतर तारांमधून तिला टोकाशी शक्ती द्यायची. जास्त व्होल्टेज जहाजापासून लांब राहतं. आजची एंड-फेड हाफ-वेव्ह ही तिचीच नात. समांतर तारांच्या जागी डबीएवढा ट्रान्सफॉर्मर आला, ४९ ला १.

आपल्याकडे १९४२ मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ मुंबईत ४२.३४ मीटरवर बोलत होता. पोलिसांना चुकवत सारखी जागा बदलायची, १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. तो आकडा आजच्या हॅमच्या ४० मीटर पट्ट्यातच येतो. त्याचा अर्धा तरंग म्हणजे साधारण एकवीस मीटर!

दुसरा पर्याय रँडम वायर. नावावर जाऊ नका, लांबी कशीही चालत नाही. वापरायच्या कुठल्याच पट्ट्यावर ती अर्ध्या तरंगाएवढी किंवा त्याच्या पटीत येऊ द्यायची नाही. ट्रान्सफॉर्मर ९ ला १, शिवाय ट्यूनर आणि जमिनीवर वेगळी तार. जागा अपुरी असेल तर हीच कामाची, कबूल. पण भर पावसात, टॉर्चच्या उजेडात ट्यूनरशी खटपट कोण करणार? माझं मत हाफ-वेव्हला. तार फार उंच नसली तरी चालतं. सिग्नल वर जाऊन आसपासच्या काहीशे किलोमीटरांत उतरतो. आपल्याला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलायचंय, अमेरिकेशी नाही.

रविवारी शाळेच्या मैदानावर ती टांगून बघणार आहोत. तहसीलमधून कुणी आलं तर बरं. चहा माझ्याकडून.